रिकाम्या हातांनी परतलेले घर

वाचावयाचा भाग : रूथ, अध्याय १ व २



धानाचे दुःख भंडारा जिल्ह्यातील माणसास समजावून सांगावे लागत नाही. पऱ्हे वाढून उभे असतात आणि रोवणीस पाणी नसते. रोवणी साधली तर पुढे तुडतुडा पडतो. आणि सन २०२० च्या ऑगस्टअखेरीस झाले तसे कधी वैनगंगा स्वतःच बांध्यांत शिरते. एकाच घरावर असे आघात एकामागून एक झाले आणि त्यातच घरचे माणूसही गेले, म्हणजे गावात कुजबुज सुरू होते. कोणी म्हणतो, कुळाचे देव सोडले म्हणून हे भोगावे लागले. मंडळीतील कोणी म्हणतो, या घरात काही गुप्त पाप असावे. दोन्ही बोलांनी जखमेवर मीठच पडते. अशा घराविषयी पवित्र शास्त्र काय दाखविते ते पाहू.

बेथलेहेमात दुष्काळ पडला तेव्हा अलीमलेख हा पत्नी नामी व दोन पुत्र यांस घेऊन मवाब देशी गेला. पोटासाठी गेलेल्या त्या घरास तेथे मरणच भेटले. प्रथम अलीमलेख वारला. पुढे पुत्रांची लग्ने झाली, परंतु सुमारे दहा वर्षांत तेही गेले. मागे उरल्या तीन विधवा. त्यांच्या पापामुळे हे घडले, असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. जेथे शास्त्र मौन धरिते तेथे आपण न्यायाधीश होऊ नये. जन्मांधाविषयी शिष्यांनी असाच प्रश्न केला, तेव्हा प्रभूने तो तर्क नाकारिला, हे ध्यानात असावे.

पहिली गोष्ट अशी की, नामीने आपले दुःख झाकले नाही. गावच्या स्त्रियांस तिने स्पष्ट सांगितले की, मी भरलेली गेले आणि रिती आले. माझे जुने गोड नाव आता घेऊ नका, मला कडू म्हणा. देवाविषयीची तक्रारही तिने मोकळेपणे केली. तथापि तिची पावले देवाच्या लोकांकडेच वळली. रडणे हा अविश्वास नव्हे.

आपल्या महाराष्ट्रातील एका घराची साक्ष येथे आठवते. सन १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगावास निघाले. हा लोहमार्ग भंडारा रोड व गोंदिया यांवरूनच जातो. त्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर आकाश कोसळले. सुमारे पाच वर्षे ती दोघे दुरावली होती. पुढे घर पुन्हा एक झाले आणि सन १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. सन १९१९ मध्ये टिळक निवर्तले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. तेही लक्ष्मीबाईंनीच पुढे नेले. आपल्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात त्या वर्षांचा राग व अश्रू त्यांनी लपविले नाहीत. विश्वास धरल्यामुळेच ज्यांचे आप्त दुरावले, त्यांनी या घराकडे पाहावे.

दुसरी गोष्ट : देवाने नामीकडे दूत पाठविला नाही, सून पाठविली. रूथेस परत जावयास मोकळीक होती. तरी ती सासूस सोडून गेली नाही. संकटात घरची माणसे एकमेकांस दोष देऊ लागतात. नवरा बायकोस, सासू सुनेस. घर मोडते ते पुष्कळदा संकटाने नव्हे, तर या दोषारोपाने.

तिसरी गोष्ट : भाकर शेतातून आली. रूथ सरवा वेचावयास गेली, आणि बवाजाने आपल्या गड्यांस पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे गळू द्यावयास सांगितले. तिला हात पसरावयास लावले नाही. तिच्या कष्टाचा मान राखून तिला दिले. आपल्या मंडळीत असे रिते घर असेल तर उपदेश करावयास जाण्यापूर्वी एक दिवस त्यांच्या रोवणीस जा. मूठभर धान न बोलता पोहोचवा.

शेवटी नामीच्या मांडीवर नातू आला. त्याच वंशात दावीद व पुढे प्रभू येशू जन्मास आला. परंतु तिचे पुत्र काही परत आले नाहीत. मवाबातील थडगी तशीच राहिली. देवाने दुःख पुसून टाकले नाही. त्या दुःखितेस पुन्हा घर दिले. दुःखितांस आपण याहून अधिक वचन देऊ नये आणि याहून कमी आशाही ठेवू नये.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न :
१. नामीने तक्रार केली, तरी तिचा विश्वास गेला नाही, हे कशावरून?
२. बवाजाने साहाय्य कसे केले की रूथेचा मान राहिला?
३. आपल्या गावात आज रिकाम्या हातांनी परतलेले घर कोणते? या आठवड्यात आपण तेथे काय घेऊन जाणार?