वीजघराचा घसारा

सातपुड्यातील एका दुर्गम पाड्यावर अनुदानातून उभारलेल्या सामुदायिक सौर वीजघराचा जमाखर्च काही वर्षे माझ्याकडे होता. भांडवल बाहेरून आलेले असल्यामुळे वीज फुकटच मिळावयाची अशी समजूत आरंभापासून रूढ झाली. देखरेख करणाऱ्या तरुणाचे मानधन निघेल एवढीच मासिक वर्गणी ठरली, आणि तीही ऐन पावसाळ्यात, घरोघर पैशाची चणचण असताना, थकत गेली. पुढे बॅटऱ्या निकामी झाल्या तेव्हा सौरफलक उत्तम स्थितीत होते, तारा शाबूत होत्या, परंतु खतावणीत शिल्लक नव्हती आणि अनुदानाच्या योजनेची मुदत संपून गेली होती. पाडा पुन्हा चिमणीच्या उजेडात बसला.

असा प्रसंग इतरांवर येऊ नये म्हणून सांगतो की, अनुदानाने वीजघर उभे राहते, परंतु ते टिकते घसारा निधीवर, म्हणजे झिजणारी साधने बदलण्यासाठी साठवलेल्या रकमेवर. सौरफलक पंचवीस वर्षे चालतात. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या मात्र साधारणतः पाच वर्षांत बदलाव्या लागतात. समजा, नव्या बॅटऱ्यांस 3 लाख रुपये लागणार असतील आणि घरे 50 असतील, तर 60 महिने दरमहा दरडोई नव्हे, दर घरामागे 100 रुपये केवळ याच कामासाठी, स्वतंत्र खात्यात, पहिल्या महिन्यापासून जमा झाले पाहिजेत. मोहफुलांच्या व सुगीच्या दिवसांत काही महिन्यांची रक्कम एकदम वसूल करण्याची तजवीज ठेवावी.

2003 च्या विद्युत कायद्यान्वये अधिसूचित ग्रामीण क्षेत्रात वीज निर्माण करून वितरित करण्यास परवाना लागत नाही. त्यामुळे दर गावालाच ठरवावा लागतो; म्हणूनच ही जबाबदारी अधिक गंभीरपणे घ्यावी. सरकारी वीजवाहिनी आल्यास काय करावयाचे, हेही करारपत्रात आधीच नमूद असावे. बिहारमधील धरनई येथे 2014 साली 100 किलोवॅटचे सौर जाळे उभे राहिले, परंतु स्वस्त सरकारी वीज पोहोचताच ग्राहक तिकडे वळले आणि ते जाळे बंद पडले.

तेव्हा अनुदान स्वीकारण्यापूर्वी हा सर्व हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवा. आणि घसाऱ्याची रक्कम देणे गावाला झेपणारे नसेल, तर झेपेल एवढेच लहान वीजघर मागा.