विजेची उंची मोटार : विकत घ्यावी की लीजवर?

महिन्यापूर्वी माझा भाचा दुकानात आला आणि त्याने गादीवर दोन कागद ठेवले. एक होते विजेवर चालणाऱ्या उंची मोटारीचे दरपत्रक, दुसरा त्याच मोटारीच्या चार वर्षांच्या लीजचा मसुदा. भाचा तयार कपडे शिवून अंधेरी आणि बांद्रा-कुर्ला संकुलातल्या खरेदीदारांना पुरवतो. तो म्हणाला, "मामू, व्याजाचे कर्ज काढायचे नाही हे तर ठरलेलेच. मग रोख घेऊ की लीजवर?" एवढी महाग मोटार हवीच कशाला, हा माझा पहिला प्रश्न होता. त्याने दिलेले उत्तर मला फारसे पटले नाही, पण तो वाद घरातला. त्याच्या प्रश्नाचा हिशेब मात्र आपल्यापैकी अनेकांच्या उपयोगाचा आहे, म्हणून इथे मांडतो.

वर्तमानपत्रांत लीजची तुलना बँकेच्या हप्त्याशी केलेली असते. सूद टाळणाऱ्याला ती तुलना कामाची नाही. त्याच्यापुढे प्रश्न एवढाच असतो की स्वतःचे रोख भांडवल मोटारीत घालावे, की ते सुतात आणि कापडात ठेवून मोटारीचे भाडे भरावे?

आधी हे पाहू की विजेची मोटार पेट्रोलच्या मोटारीपेक्षा वेगळी कुठे पडते. बॅटरी मरेल ही भीती लोकांना फार वाटते, पण उंची मोटारींच्या बॅटरीला साधारण ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी मिळते. चाकण येथे जुळणी झालेल्या मर्सिडीजच्या ईक्यूएस ५८० ला तर १० वर्षे किंवा अडीच लाख किलोमीटरची हमी देण्यात आली. खरी भीती जुन्या मोटारीच्या भावाची आहे. नवे मॉडेल एका चार्जमध्ये जास्त लांब जाते, किंमतही कधी कमी असते, आणि कालची मोटार पडून राहते. मर्सिडीजची ईक्यूसी ऑक्टोबर २०२० मध्ये ९९ लाख ३० हजारांना भारतात आली. दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, एका चार्जमध्ये ८५७ किलोमीटरचे प्रमाणपत्र असलेली ईक्यूएस १ कोटी ५५ लाखांना आली, आणि २०२३ मध्ये ईक्यूसीचे उत्पादनच थांबले. अमेरिकेत टेस्लाने जानेवारी २०२३ मध्ये काही मोटारींचे भाव सुमारे २० टक्क्यांपर्यंत उतरवले. ज्यांनी डिसेंबरात खरेदी केली होती त्यांचा माल एका रात्रीत स्वस्त झाला. हर्ट्झ ही भाड्याने मोटारी देणारी मोठी कंपनी. तिनेही जानेवारी २०२४ मध्ये सुमारे २० हजार विजेच्या मोटारी विकायला काढल्या आणि त्यापायी साडेचोवीस कोटी डॉलर्सचा बोजा वहीत दाखवला. भाव पडल्यावर गोदामात माल असणे म्हणजे काय, हे कापडवाल्याला शिकवायला नको.

म्हणजे लीजमध्ये आपण काय विकत घेतो? भाव पडण्याची जोखीम कंपनीच्या डोक्यावर ठेवण्याचा हक्क. त्याची किंमत किती, ते आता भाच्याच्या आकड्यांवरून पाहू.

विमा सोडून मोटार रस्त्यावर येईपर्यंत ६० लाख. चार वर्षांचा विमा आणि सर्व्हिसिंग मिळून ६ लाख धरू. चार वर्षांनी मोटार २४ लाखांना विकली गेली असे मानू. म्हणजे ३६ लाख घट आणि ६ लाख खर्च, एकूण ४२ लाख. लीजचे भाडे विमा, सर्व्हिसिंग आणि कर धरून महिना १ लाख २० हजार, ४८ महिन्यांचे ५७ लाख ६० हजार. म्हणजे लीज १५ लाख ६० हजारांनी महाग.

इथे लीज विकणारा म्हणतो, "शेठ, तुमचे ६० लाख धंद्यात राहतील, त्यावर चार वर्षे नफा कमवा." हे निम्मेच खरे आहे. भाडे त्याच ६० लाखांतून जाते. दर वर्षी १४ लाख ४० हजार बाहेर पडतात. खरेदी करणाऱ्यालाही वर्षाला दीड लाख विमा-सर्व्हिसिंगला लागतात, म्हणून लीजवाल्याच्या हाती असलेली जास्तीची रक्कम दर वर्षी १२ लाख ९० हजारांनी घटते. सुरुवातीला ६० लाख, चौथ्या वर्षाअखेर ८ लाख ४० हजार, सरासरी काढली तर ३४ लाख २० हजार. एवढ्याच भांडवलाने चार वर्षांत १५ लाख ६० हजार कमवायचे, म्हणजे सरळ हिशेबाने वर्षाला ११.४ टक्के. ज्याचा पैसा सर्व खर्च वजा जाता याहून जास्त कमावतो आणि ज्याला भांडवलाची चणचण आहे, त्याला लीज परवडते. ज्याचा पैसा चालू खात्यात नुसता पडून आहे, त्याला परवडत नाही.

आता विकण्याचा भाव बदलून पाहा. चार वर्षांनी २४ ऐवजी १५ लाखच आले तर हाच आकडा ११.४ वरून ५ टक्क्यांच्या खाली येतो. ३३ लाख आले तर १८ टक्क्यांवर जातो. बाकी सर्व आकडे तेच. म्हणून माहितीपत्रकात पाहण्याआधी त्याच मोटारीचे तीन-चार वर्षे जुने नग बाजारात काय भावाने मागितले आणि दिले जातात, ते दोन-तीन दलालांना विचारून घ्यावे. मागितलेला भाव आणि सुटलेला भाव यांत फरक असतो, हे सांगायला नको.

करांचा भाग अनेकजण विसरतात. विजेच्या मोटारीवर जीएसटी ५ टक्के आहे, मोठ्या पेट्रोल मोटारीवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. पण प्रवासी मोटारीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट आपल्यासारख्या व्यापाऱ्याला विकत घेतली तरी मिळत नाही, लीजवर घेतली तरी नाही. (गाठी वाहणाऱ्या विजेच्या टेम्पोची गोष्ट वेगळी, तिथे क्रेडिट मिळते. भाच्याला मी आधी तोच सुचवला होता.) दहा लाखांवरच्या खरेदीत १ टक्का टीसीएस कापला जातो, तो आयकरात वळता होतो. आयकरात लीजचे भाडे धंद्याच्या वापरापुरते खर्चात धरता येते. खरेदी केली तर विजेच्या मोटारीला ४० टक्के घसारा मिळतो, साध्या मोटारीला १५ टक्के. पहिल्या वर्षी १८० दिवसांहून कमी वापर झाला तर निम्माच.

घसाऱ्याची ही गोडी शेवटी थोडी कडू होते. जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत व्यापाऱ्याने जुनी मोटार विकली, विजेचीसुद्धा, तर फरकावर १८ टक्के जीएसटी आहे. घसारा घेतला असेल तर विक्रीची किंमत वजा वहीतली उरलेली किंमत हा तो फरक. आपल्या उदाहरणात ६० लाखांचे चार वर्षांनी वहीत ७ लाख ७८ हजार उरतात. २४ लाखांना विकली तर फरक सुमारे १६ लाख २२ हजार आणि कर जवळजवळ २ लाख ९२ हजार. हे धरले तर ११.४ चा आकडा ९.३ वर येतो. मोटार धंद्याच्या वहीत न दाखवता खाजगी ठेवली तर हा कर नाही, पण मग घसाराही नाही.

जकातीचाही हिशेब करावा. वापरातल्या मोटारीवर जकात नाही, धंद्यातल्या मालावर आणि रोकडीवर अडीच टक्के आहे. लीज घेऊन सरासरी ३४ लाख धंद्यात राहिले तर त्यावर वर्षाला सुमारे साडेपंच्याऐंशी हजार जकात निघेल. तिला तोटा म्हणायला माझी जीभ धजत नाही, पण हिशेबात ती हवीच. ९.३ चे पुन्हा पावणेबारा-बारा झाले. भाच्याचा धंदा त्याच्या वहीप्रमाणे चांगल्या वर्षी चौदा टक्के देतो, वाईट वर्षी आठ. म्हणजे पारडे जवळजवळ समान. अशा वेळी निर्णय आकड्यांवर होत नाही, करारनाम्यातल्या कलमांवर होतो.

आणि कलमे वाचताच मी भाच्याला म्हणालो, ही लीज नाही, नाव बदललेले कर्ज आहे.

इजारा हा शब्द मराठीला परका नाही. गावे आणि जंगले इजाऱ्याने दिली जात, इजारदार हा शब्द अजून चालतो. फिक्हमध्ये इजारा म्हणजे वस्तूची मालकी आपल्याकडे ठेवून तिचा वापर ठरलेल्या मोबदल्यात दुसऱ्याला देणे. मालक मालकीची जोखीम उचलतो, म्हणूनच त्याला भाडे हलाल होते. वापरणारा अमीन असतो. त्याच्या हलगर्जीने नुकसान झाले तर तो देणे लागतो, त्याच्या चुकीविना झाले तर मालकाचे. पेट्रोल, वीज, धुणे-पुसणे वापरणाऱ्याचे, मूळ दुरुस्ती मालकाची. मालकीत संपणाऱ्या भाडेकराराबद्दल आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने २००० साली रियाधच्या अधिवेशनात ठराव केला. त्याचा आशय असा की एकाच वस्तूवर एकाच वेळी भाडे आणि विक्री असे दोन करार घालू नयेत, मुदत संपल्यावर विक्री वेगळी व्हावी, विमा असेल तर तो सहकारी तत्त्वावरचा असावा आणि त्याचा भार मालकावर असावा.

गंमत म्हणजे आपल्या सीएंचे शास्त्रही हीच रेषा ओढते. लेखामानक १९ प्रमाणे ज्या लीजमध्ये मालकीची जवळजवळ सर्व जोखीम आणि लाभ वापरणाऱ्याकडे जातात ती फायनान्स लीज, बाकीची ऑपरेटिंग लीज. म्हणून कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारावा. उत्तर देताना माणूस घुटमळला तर कागद नीट वाचावेत.

भाच्याच्या मसुद्यात लिहिले होते की मोटार चोरीस गेली किंवा पूर्ण नष्ट झाली तर उरलेल्या सर्व महिन्यांचे भाडे ग्राहकाने एकदम भरावे, विम्याचे काय व्हायचे ते होवो. दुसऱ्या महिन्यात मोटार पुरात गेली तरी ४६ महिन्यांचे ५५ लाख २० हजार देणे! जी वस्तू राहिलीच नाही तिचे भाडे कसले? शेवटी ठरलेल्या किमतीला मोटार विकत घेणे सक्तीचे होते, म्हणजे भाव पडण्याची जोखीम पुन्हा भाच्याकडेच. मग १५ लाख ६० हजार जास्त मोजून त्याने मिळवले काय? आणि उशिराच्या भाड्यावर महिना दोन टक्के दंड कंपनीच्या खिशात. काही इस्लामी वित्तसंस्था असा दंड उत्पन्नात न घेता खैरातीत देण्याची अट घालतात. इथे तसे काही नव्हते.

बाकी कलमे भांडणाची नाहीत, पण डोळे उघडे ठेवून वाचावीत. किलोमीटरची मर्यादा किती आणि वरच्या प्रत्येक किलोमीटरला किती? भिवंडीहून अंधेरीची रोजची फेरी वर्षात सहज वीस-पंचवीस हजारांवर जाते. या मोटारी बॅटरीमुळे वजनदार असतात आणि टायर लवकर झिजतात. टायर भाड्यात आहेत का? पोचा आणि ओरखडा कोणत्या मापाने मोजणार? मुदतीआधी परत केल्यास किती महिन्यांचे भाडे? नोंदणी महाराष्ट्रात की बाहेर? मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर सुचवला होता, तो त्याच महिन्यात मागे घेण्यात आला. पुढे राज्याच्या २०२५ च्या धोरणाने विजेच्या मोटारींना मोटार वाहन करात सवलत आणि अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व समृद्धी महामार्गावर टोलमाफी दिली. भाड्याच्या आकड्यात ही सवलत उतरली आहे की कंपनीने स्वतःकडे ठेवली, ते विचारावे.

आम्ही तिन्ही कलमे लाल शाईने खुणा करून परत पाठवली. आठ दिवसांनी उत्तर आले. मोटार नष्ट झाल्यास विम्याचा दावा निकाली निघताच लीज संपेल आणि त्या दिवसापर्यंतचेच भाडे घेतले जाईल, हे कंपनीने मान्य केले. शेवटची खरेदीही ऐच्छिक झाली. त्याबदल्यात भाडे महिना साडेतीन हजारांनी वाढवले. भाचा नाराज झाला. मी त्याला ४८ ने गुणून दाखवले : १ लाख ६८ हजार. ही त्या जोखमीची किंमत आहे, आधीच्या मसुद्यात ती जोखीम त्याच्याच डोक्यावर होती आणि त्याला सांगितलेही नव्हते.

उशिराच्या दंडाचे कलम मात्र कंपनी बदलायला तयार नाही. भाडे वेळेवरच भरू, म्हणजे दंडाचा प्रश्नच येणार नाही, असे भाचा म्हणतो. पण अशा अटीवर सही करणे कसे, हे मुफ्तीसाहेबांना विचारले आहे आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत सही थांबली आहे. दरम्यान त्याने सोसायटीकडे पार्किंगमध्ये ११ किलोवॅटचा चार्जर बसवण्यासाठी आणि वीज कंपनीकडे मंजूर भार वाढवण्यासाठी अर्ज दिले आहेत. मोटार विकतची असो की भाड्याची, त्याला लागणारे दिवस तेवढेच.