अजरखची पिशवी

कच्छमध्ये चामड्याचे पट्टे लावलेल्या सुरेख कापडी पिशव्या तयार होतात. काही पिशव्यांचे कापड निळ्या-तांबड्या नक्षीचे असते. त्यास अजरख म्हणतात. खत्री कारागीर ते लाकडी ठशांनी छापतात. चुना व डिंक यांचा लेप जेथे बसतो, तेथे नीळ चढत नाही. ती जागा पांढरी राहते. कापड वारंवार पुष्कळ पाण्यात धुवावे लागते.

२००१ च्या भूकंपानंतर धमडका गावच्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले. रंग बिघडू लागले. तेव्हा अनेक कारागिरांनी जुने गाव सोडून भूजजवळ अजरखपूर वसविले. गाव सुटले, पण कला सुटली नाही. अजरखच्या शोभेत कुशल हातांइतकाच निर्मळ पाण्याचाही वाटा असतो.