खंडेनवमीचं हळद-कुंकू आणि बंदुकीचा गंज



नवरात्र आलं की आपल्या शारजा-दुबईच्या घरांतूनही खंडेनवमीची तयारी सुरू होते. इथे शस्त्र म्हणजे लॅपटॉप, स्क्रू-ड्रायव्हर, फार तर गाडीची किल्ली! पण गावाकडच्या घरी आजोबांची तलवार, कट्यार किंवा शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असलेली कुटुंबं आपल्यात पुष्कळ आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात माकडं आणि रानडुकरं बागेत शिरतात, म्हणून अशा बंदुका अनेक घरांत पिढ्यान् पिढ्या आहेत. आमच्याही घरी एक आहे. आज तिच्याविषयी लिहितो आहे, कारण चूक माझी आहे.

गेली बावीस वर्षं मी आखातात कारखान्याच्या देखभाल विभागात आहे. खाऱ्या हवेपासून पाइप आणि टाक्या वाचवणं हाच माझा धंदा. दोन वर्षांपूर्वी गणपतीला घरी गेलो होतो, तेव्हा बाबा म्हणाले, "जरा बंदूक बघ रे, उघडायला जड जाते." परवाना बाबांच्या नावावर, म्हणून ते शेजारी खुर्ची घेऊन बसले. आधी बंदूक उघडून आत काडतूस नाही याची खात्री केली. नंतर लाल कापड सोडलं आणि बघतच राहिलो. नळीवर जिथे जिथे दरवर्षी कुंकवाची बोटं लागली होती, तिथे तिथे गंजाचे तपकिरी ठिपके! कापडात झेंडूच्या वाळक्या पाकळ्याही होत्या.

झालं होतं असं. दर खंडेनवमीला बंदुकीवर पाणी शिंपडायचं, हळद-कुंकू, अक्षता, फुलं वाहायची आणि दसरा झाला की तशीच कापडात गुंडाळून फडताळात ठेवायची. भिंत चिऱ्याची, पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू एवढंच लागतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की गंजाचा वेग वाढतो, आणि मीठ असेल तर त्याच्या आधीच. मीठ समुद्राच्या वाऱ्यातून येतं, तसंच आपल्या बोटांच्या घामातूनही. शिवाय एकदा आलेला गंज सच्छिद्र असतो, तो ओलावा धरून ठेवतो आणि खालचं लोखंड खातच राहतो.

इथल्या ऑगस्टमध्ये एसी गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ धरते ना? गार धातूवर दमट हवा आली की तेच होतं. फक्त चष्मा आपण पुसतो, बंदूक पुसत नाही.

आता घरच्या मंडळींना फोनवर सांगता येतील अशा गोष्टी:

१. हात लावण्याआधी बंदूक रिकामी आहे ना ते पाहावं. काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवावीत. साफसफाई परवानाधारकाने स्वतः किंवा त्याच्या समोरच करावी.

२. कोरड्या सुती कापडाने पुसून, नळीतूनही गजाने कोरडं फडकं फिरवून, बंदुकीसाठी मिळणाऱ्या खनिज तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. तेल थापू नये, लाकडी दस्ता त्याने मऊ पडतो. खोबरेल किंवा तूप नको. ही तेलं कालांतराने चिकट होतात, आणि खोबरेल तर थंडीत थिजतंच.

३. ठासणीच्या बंदुकीत काळ्या दारूची राख उरते, ती हवेतलं पाणी ओढते. बार काढल्यावर त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून तेल द्यावं. नुसत्या तेलाने ते क्षार निघत नाहीत.

४. चामड्याच्या किंवा मखमलीच्या म्यानात कायम ठेवू नये. म्यान ओलावा धरतं. कोरड्या लाकडी वा लोखंडी कपाटात, भिंतीपासून थोडी दूर, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवून ठेवावी. पुड्या अधूनमधून बदलाव्यात.

५. गंज आलाच तर पॉलिश पेपरने खरवडू नये. नळीची निळसर-काळी झिलई ही स्वतःच एक संरक्षक थर असते, ती निघून जाते. कोरलेला क्रमांक पुसला गेला तर तो कायद्याने गुन्हा आहे. वरवरचा गंज तेलात भिजवून, अगदी बारीक स्टील वूलने हलकेच काढावा. खड्डे पडले असतील तर परवानाधारक कारागिरालाच दाखवावं.

६. निवडणुकीच्या वेळी बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितलं, तर आधी तेलाचा हात देऊन द्यावी आणि परत आल्यावर पुन्हा पुसावी. २०२४ मध्ये आपल्याकडे लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या, हे लक्षात असेलच.

आणखी एक महत्त्वाचं. परवानाधारक वारले तर बंदूक "आठवण" म्हणून घरात ठेवून देता येत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून, वारसाने रीतसर अर्ज करावा लागतो. परदेशात राहणाऱ्या मुलांना हे माहीत नसतं आणि अडचण घरी एकट्या राहिलेल्या आईची होते. इथे अमिरातीत शस्त्र आणायचा तर विचारही करू नये. शोभेची तलवारसुद्धा परवानगीशिवाय सामानात घालू नका.

आमच्या बंदुकीचं पुढे काय झालं? कारागिराने नळीत दिवा धरून पाहिलं. आत खड्डे होते. "ही आता चालवू नका, नळी फुटेल," एवढंच तो म्हणाला. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पूजा मी नेमाने केली रे. पुसायचं राहिलं." मला मात्र वाटत राहिलं, मी दर रविवारी फोन करत होतो. त्यात एकदा तरी विचारायला काय हरकत होती?

गेल्या खंडेनवमीला आम्ही व्हिडिओ कॉलवर होतो. बाबांनी बंदूक पाटावर ठेवली आणि हळद-कुंकू तिच्यापुढे सुपारीवर वाहिलं. दसऱ्याच्या संध्याकाळी फोन आला, "पुसली. तेल दिलं. ठेवली." तेवढ्यानेच माझा दसरा गोड झाला.

तुमच्या घरच्या तलवारीला, विळीला, आईच्या अडकित्त्यालाही हाच नियम लागू. पूजा झाली की पुसा. आणि या आठवड्यात घरी फोन कराल तेव्हा, फडताळात काय आहे ते जरूर विचारा.

आपणां सर्वांना विजयादशमीच्या हार्दिक शुभेच्छा!