नळीचे आयुष्य आणि काडतुसाची निवड

(तृतीय वर्ष कला)

गेल्या हिवाळ्यात एन. सी. सी.च्या शिबिरात माझ्या हातून एका रायफलीवर अन्याय झाला. संघनिवडीचा दिवस होता. पॉइंट टू-टू रायफलीने पंचवीस मीटरवर पाच गोळ्या झाडल्या आणि त्या पाचही जणू एकमेकींशी भांडण झाल्यासारख्या दूरदूर जाऊन बसल्या. मी तडक सांगून मोकळा झालो, "साहेब, हिची नळी झिजली आहे."

सुभेदारसाहेब साताऱ्याकडचे. ते काही बोलले नाहीत. काडतुसांची दोन खोकी त्यांनी पुढे ओढली आणि वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून पहिल्या खोक्यातल्या पाच गोळ्या झाडल्या. रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशी पाच भोके! दुसऱ्या खोक्यातल्या पाचही तशाच जवळजवळ पडल्या, पण पहिल्यांच्या बोटभर खाली. मग दोन्ही खोक्यांतली काडतुसे मिसळून झाडली, तेव्हा माझ्या लक्ष्यपत्रावरचे चित्र जसेच्या तसे उमटले. "पोरा," ते म्हणाले, "नळीला बोल लावण्याआधी तिला काय खायला घातलंस ते बघावं."

माझी निवड हुकली ती हुकलीच. पण माझ्या एका वाक्याने एक चांगली रायफल मोडीत निघाली असती, ही रुखरुख मनात राहिली. नळी झिजते म्हणजे नेमके काय होते आणि त्यात काडतुसाचा हात किती, याचा शोध घेताना जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

आपला सर्वसाधारण समज असा, की हजारो गोळ्या घासून गेल्या म्हणजे नळी झिजते. विहिरीच्या कडेला दोराने घळ पडते, तशी. हे थोडेफार खरे असले, तरी मुख्य वैरी गोळी नव्हे. तिच्या पाठीमागून येणारा वायू होय. काडतुसातील दारू पेटली, की तिच्या वायूचे तापमान पोलादाच्या वितळबिंदूच्याही वर जाते. हा प्रकार सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाच टिकतो, म्हणून नळी वितळत नाही. परंतु पोलादाचा पृष्ठभाग दर वेळी तापतो आणि निवतो, कडक व ठिसूळ होतो आणि अखेर उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या गाळासारखा भेगाळतो. पुढच्या गोळ्यांचा वायू त्या भेगांच्या कडा खरवडून नेतो. ही झीज सर्वांत जास्त होते ती काडतुसाच्या घरापुढे, जेथे नळीचे आटे सुरू होतात तेथे. या भागाला नळीचा गळा म्हणावे. गळा खचला, की गोळीला आट्यांत शिरण्यापूर्वी जास्त अंतर तोलावाचून कापावे लागते. ती किंचित तिरपी शिरते आणि नेम बिघडतो.

म्हणजे नळीचे आयुष्य ठरते ते किती दारू, किती उष्ण आणि किती लहान भोकातून जाते यावर. आपल्या पॉइंट टू-टूच्या काडतुसात दारू ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी असते आणि तिच्या दाबाची मर्यादा दर चौरस इंचास सुमारे २४,००० पौंड. गोळी मऊ शिशाची. त्यामुळे ही नळी नुसत्या गोळीबाराने सहसा झिजत नाही. तिचे नुकसान होते ते गंजाने किंवा तोंडाकडून निष्काळजीपणे सळई घालून केलेल्या साफसफाईने. याउलट .३०८ विंचेस्टर या काडतुसात तीन ग्रॅमच्या आसपास दारू आणि दाबाची मर्यादा ६२,००० पौंड!

याचे उत्तम ऐतिहासिक उदाहरण म्हणजे थ्री-नॉट-थ्री. १८८८ साली ब्रिटिश सैन्याने हे काडतूस घेतले, तेव्हा त्यात काळी दारू होती. काळ्या दारूची काजळी साचू नये म्हणून मेटफर्ड या अभियंत्याने नळीचे आटे उथळ आणि गोलसर कडांचे ठेवले होते. १८९१ च्या सुमारास कॉर्डाइट ही निर्धूर दारू आली. वेग वाढला, धूर गेला. पण या दारूत ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन होते आणि ती अतिशय उष्ण जळे. मेटफर्डचे उथळ आटे तिच्यापुढे टिकेनात. म्हणून १८९५ मध्ये एनफील्ड येथे खोल, पाच आट्यांची नळी निघाली आणि ली-मेटफर्डची ली-एनफील्ड झाली. पुढे १९०१ साली दारूच बदलून नायट्रोग्लिसरीन ३० टक्क्यांवर आणले. आधी दारूपायी नळी बदलली, मग नळीपायी दारू! आपल्या कॅडेटांच्या कित्येक पिढ्यांनी जी थ्री-नॉट-थ्री खांद्यावर वाहिली, तिच्या नावातच हा इतिहास दडला आहे.

दुसरे उदाहरण दोन सख्ख्या भावंडांचे. .३०८ विंचेस्टर १९५२ साली निघाले. त्याच पुंगळीचे तोंड आवळून १९५५ मध्ये .२४३ विंचेस्टर तयार केले गेले. दारू जवळजवळ तितकीच, पण तिला जायला वाट सुमारे ६२ टक्के क्षेत्रफळाची. परिणाम असा, की .२४३ ची हलकी गोळी अधिक वेगाने व सपाट मार्गाने जाते. मात्र नेमबाजांचा ढोबळ अनुभव सांगतो की.३०८ ची नळी पाचएक हजार गोळ्यांपर्यंत अचूक राहते, तर .२४३ ची दोनएक हजारांतच थकते. प्रत्येक गोळीमागे सेकंदाचा हजारावा भाग धरला, तर या नळीचे सारे कामकरी आयुष्य भरते अवघे दोन सेकंद! त्यातही घाईघाईने, नळी तापलेली असतानाच गोळ्या झाडत गेले, तर ते आणखी कमी होते.

मग वेग म्हणजेच अचूकपणा का? नाही. पन्नास मीटरच्या स्पर्धेत लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या ठरल्या आणि कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, ते याच पॉइंट टू-टूच्या जोरावर. स्पर्धेच्या या काडतुसाचा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाहून कमी ठेवतात, कारण तो वेग ओलांडून पुन्हा खाली येताना गोळी डळमळण्याचा धोका असतो. येथे मोल आहे ते सारखेपणाला. म्हणून मोठे नेमबाज आपल्या नळीला कोणत्या खेपेची काडतुसे मानवतात हे आधी झाडून पाहतात आणि मगच त्या खेपेचा साठा करतात.

गोळीचे नळीशी जुळणेही तितकेच महत्त्वाचे. लांब, जड गोळीला अधिक फिरकी लागते. अमेरिकेच्या जुन्या एम-१६ रायफलीचे आटे बारा इंचांत एक वेढा घेत. १९८० च्या दशकात अधिक लांब गोळी आली, तेव्हा सात इंचांत एक वेढा असलेली नळी करावी लागली. जुन्या नळीतून ती गोळी स्थिर राहत नसे. दोष नळीचाही नव्हता, गोळीचाही नव्हता. जोडी चुकली होती.

तेव्हा 'सर्वांत चांगले काडतूस कोणते?' हा प्रश्नच अपुरा आहे. किती अंतरावर, कशासाठी आणि कोणत्या नळीतून, हे आधी विचारले पाहिजे. पन्नास मीटरवरच्या कागदासाठी वेग विकत घेऊन नळी खर्ची घालणे हा तोट्याचा व्यवहार आहे, तर दूरच्या लक्ष्यासाठी तोच खर्च योग्यही ठरेल.

आमच्यापुरते बोलायचे, तर परतल्यावर आम्ही एक साधी वही घातली आहे. प्रत्येक रायफलीचा क्रमांक, झाडलेल्या गोळ्या आणि काडतुसांची खेप तिच्यात लिहिली जाते. एका सरावात एकाच खेपेची काडतुसे वापरायची, हा नियमही केला आहे. वहीच्या पहिल्या पानावर मी आरोप ठेवलेल्या त्या रायफलीचा क्रमांक आहे. या वर्षीची निवड मी तिच्यावरच देणार आहे.