जुना ‘वेताळ’ रद्दीत घालू नका
वरंध-महाडकडे रद्दीचं किंवा पुस्तकांचं दुकान असेल, तर आजचा धडा तुमच्यासाठी. गठ्ठ्यात इंद्रजाल कॉमिक्स निघाली तर किलोवर देऊ नका. टाइम्स समूहाची ही मालिका १९६४ ला सुरू झाली, १९९० ला थांबली. जुना अंक हाच आता माल. त्यातल्या फँटमचं मराठी नाव ‘वेताळ’, म्हणजे आपल्या कोकणातला गावदेवच! दोष होतेच. गोरा नायक जंगलातल्या काळ्या माणसांचा तारणहार, शिवाय पानांत बसवायला गोष्टी कापलेल्या. पन्नाशीचं गिऱ्हाईक हे ऐकून हसेल आणि तरीही घेईल, कारण त्याला मे महिन्याची सुट्टी आठवतेय. फाटलेलं पान मात्र पैसे घेण्याआधी दाखवा. मधलं पानच नसेल, तर भाव तिथेच उतरवा.