दंगा नेमका कधी सुरू होतो?

प्रश्न : मी नोएडाच्या शाळेत सातवीला गणित शिकवते. एक मुलगा रोज बाक वाजवतो, इतरांना हसवतो. वर्गाबाहेर उभं केलं तरी फरक नाही. काय करावं?

उत्तर : बाई, आठवडाभर फक्त वेळ टिपा. फळ्यावर अपूर्णांक आले की बाक वाजतो का? तसं असेल, तर बाहेर उभं राहणं ही त्याची सुटका आहे, शिक्षा नव्हेच. मग त्याला जमेल असं पहिलं उदाहरण द्या आणि चारचौघांत नव्हे, मधल्या सुट्टीत बोला. मारणं, अपमान करणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार निषिद्ध आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने तर २००० मध्येच छडीचा नियम रद्द केला होता. घरी तक्रार धाडण्याआधी एखादं कौतुक कळवा. अक्षरं-आकडे वाचताना तो अडखळत असेल, तर समुपदेशकांना लगेच सांगा.